दोन बॅटऱ्यांमधली तार

आमची गाडी म्हणजे एका शाळेची जुनी मिनीबस. शाळेने ती विकायला काढली तेव्हा आतली बाकं मोडकळीला आली होती, इंजिन मात्र ठणठणीत होतं. मी ती घेतली आणि आठ महिने अंगणात उभी करून तिच्यात दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, पंखा, दिवे आणि एक छोटा फ्रिज बसवला. मी एकतीस वर्षं आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवलं आहे, त्यामुळे वायरिंगला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. कुंभकोणमला जे घडलं त्याचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी सांगून टाकतो.

फ्रिज चैनीसाठी नव्हता. माझी बायको सुनीता अकरा वर्षांपासून इन्सुलिन घेते. महिन्याभराच्या बाटल्या बरोबर घेऊन एप्रिलच्या उन्हात दक्षिणेला जायचं, तर गारवा हवाच. अडचण एवढीच होती की फ्रिज, पंखा, दिवे हे सगळं बारा व्होल्टचं आणि बस चोवीसची. मोठ्या गाड्यांमध्ये बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट करतात. मी त्या दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून एक तार काढली. तिथे मीटर लावला तर बरोबर बारा. बारा हवे होते, बारा मिळाले. काम इतक्या सहज झालं याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता.

इस्लामपूरहून निघालो ते हुबळी, चित्रदुर्ग, होसूर असे मुक्काम करत. पहाटे निघायचं, दहाच्या आत कुठेतरी सावली बघून गाडी लावायची, संध्याकाळी गाव बघायचं. सावली नेहमी मिळायची नाही. होसूरला सुनीताने नवी बाटली उघडली. सेलमला तिची सकाळची साखर दोनशे चाळीस आली. नामक्कलला दोनशे साठ. तिरुचीला श्रीरंगमचं देऊळ पाहिलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दोनशे एक्क्याण्णव.

"काल देवळात तू मागे का राहिली होतीस?" मी विचारलं.

"दर्शनाला राहिले होते."

"दर्शनाला की प्रसादाला? तिथे गोड पोंगलभाताचे द्रोण देत होते, मी पाहिलंय."

तिने फ्रिज उघडून बाटली हातात घेतली. मग म्हणाली, "बाटली हाताला गार लागत नाही हो."

"दार सारखं उघडतेस, दुसरं काय. हिरवा दिवा लागलेला आहे ना?"

हिरवा दिवा लागलेला होता. विषय संपला, असं मला वाटलं. तंजावूरपर्यंत ती खिडकीतून बाहेर बघत बसली.

कुंभकोणम

तंजावूरहून कुंभकोणमपर्यंतचा रस्ता केळीच्या बागांमधून आणि कापणी झालेल्या भातखाचरांमधून जातो. आम्ही पोचलो तेव्हा कावेरीत पाणी नव्हतं. आपल्याकडे कृष्णा एप्रिलमध्ये रोडावते, पण वाहते. इथे नुसती पांढरी वाळू आणि मधोमध एक ओहोळ, आणि त्या ओहोळात उभं राहून माणसं मनोभावे अंघोळ करत होती. गावात देवळं इतकी की पत्ता सांगताना लोक देवळाचंच नाव सांगतात, आणि नवख्याला सगळी गोपुरं सारखीच दिसतात.

गाडी उभी करायला जागा मिळाली ती गावाच्या दक्षिणेला, साक्कोट्टैच्या रस्त्यावर, एका मंगल कार्यालयाच्या मोकळ्या पटांगणात. रखवालदाराने खुणेनेच पाण्याचा नळ दाखवला. सकाळी समोरच्या खाणावळीत इडलीबरोबर कडप्पा नावाचा पदार्थ मिळाला. कडप्पा म्हणजे मुगाची डाळ, बटाटा आणि खोबरं यांचं दाटसर कालवण, बडीशेपेच्या वासाचं. ते दोघांनाही आवडलं. कॉफी पितळेच्या पेल्यात आली. मी वाढप्याला हातवारे करून सांगितलं, हिच्या कॉफीत साखर नको. त्याला काही समजेना, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी त्याला तमिळमध्ये मोठ्याने समजावलं. सगळ्या खाणावळीने सुनीताकडे पाहिलं. तिने ती कॉफी प्यायली नाही.

त्या दिवशी आम्ही तिथल्या सरकारी बसने स्वामीमलैला गेलो. सुनीता शाळेत चित्रकला शिकवत असे आणि पंचधातूच्या मूर्ती ओततात कशा, हे तिला पाहायचं होतं. ह्या प्रवासातली तिची अशी मागणी तेवढी एकच. बस पंधरा-वीस मिनिटांत पोचते. गाडी पटांगणातच राहिली, उन्हात, दिवसभर.

स्वामीमलैच्या त्या कारखान्यात सहा माणसं जमिनीवर बसून काम करत होती. यंत्राचा आवाज नव्हता, कानशीचा होता. म्हातारे स्थपती, म्हणजे मुख्य मूर्तिकार, मेणाचा हात करत होते, एकेक बोट वेगळं. मेण कडक झालं की ते शेगडीवर धरायचे आणि पुन्हा वळवायचे. मग त्या मेणावर कावेरीतल्या गाळाची माती लिंपतात, वाळवतात, भाजतात. मेण वितळून वाहून जातं आणि राहिलेल्या पोकळीत धातू ओततात. साचा एकदाच वापरता येतो, कारण मूर्ती काढायला तो फोडावाच लागतो. सुनीताने मातीचा गोळा मागून घेतला, बोटांत मळला, वासही घेतला. स्थपतींनी तिला एक मेणाचं बोट करायला दिलं. तिने केलेलं बोट त्यांनी उजेडात धरलं, नखाने थोडं खरवडलं, आणि आपल्या मेणाच्या हाताशेजारी ठेवून दिलं. परत येताना बसमध्ये ती दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलली.

संध्याकाळी गाडीत कुजक्या अंड्यासारखा वास येत होता. सुनीता म्हणाली, "कसला हा वास?" मी म्हणालो, "जवळ गटार असेल." झोपताना तिने साखर तपासली. तीनशे वीस.

सेल्वमचं दुकान

सकाळी किल्ली फिरवली तर गाडीने नुसता 'टक्' असा आवाज केला. फ्रिजचा हिरवा दिवाही गेला होता. आत हात घातला तर कोमट भिंतीला हात लावल्यासारखं वाटलं.

रखवालदाराने रस्त्यापलीकडून सेल्वम नावाच्या इलेक्ट्रिशियनला आणलं. चाळिशीचा, कपाळाला विभूती, खिशात टेस्टर. त्याला हिंदी येत नव्हतं, मला तमिळ. त्याने पायरीखालची बॅटरीची पेटी उघडली, आणि काल रात्रीचा तो वास भसकन बाहेर आला. एका बॅटरीवर सुकलेल्या आम्लाचे पांढरे डाग होते. तिची झाकणं उघडून पाहिली, आत पाणी जवळजवळ नव्हतंच. दुसरीला मीटर लावला तर साडेनऊ. मग मधली माझी तार चिमटीत धरून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये एक लांब प्रश्न विचारला. मला शब्द कळले नाहीत, पण विद्यार्थ्यांनी चुकीची जोडणी केली की मी ज्या सुरात विचारत असे तोच सूर होता.

त्याने गाडीची नंबरप्लेट पाहिली, 'मराठी?' असं विचारलं आणि कोणाला तरी फोन लावला. पंधरा मिनिटांत स्कूटरवरून एक गृहस्थ आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरं धोतर, कपाळावर उभ्या गंधाचं नाम, पाठ ताठ. सेल्वम त्यांना राव सार म्हणत होता.

"कोठून आलांत?" त्यांनी मला विचारलं.

मराठीच होतं, पण असं की मला उत्तर द्यायला क्षणभर लागला. 'ठ'चा 'ट' होत होता आणि प्रत्येक शब्द थोडा लांबून येत होता.

"इस्लामपूरहून. सांगली जिल्हा."

"सांगली नांव ऐकलों अहें. आमचं मूळ गांव कोणतं, तें आम्हांस ठावं नाहीं. तंजावूरच्या मराठी राजांच्या वेळीं आलों, तीनशे वर्षं होत आलीं." मग सुनीताकडे वळून, "अम्मा, उन्हांत उभं राहूं नका. सावलींत बैसा."

त्यांचं नाव श्रीनिवासराव. एका खासगी बस कंपनीच्या डेपोत त्यांनी पस्तीस वर्षं विजेचं काम पाहिलं होतं. म्हणजे माझ्या बसमध्ये जो दोष होता तो पाहायला ह्याहून योग्य माणूस त्या गावात नसावा. ते वाकले, पेटीत डोकावले आणि विचारलं, "मधली तार कोण लावला?"

"मी लावली."

"कशास?"

"फ्रिज बारा व्होल्टचा आहे म्हणून."

त्यांनी मान हलवली. तिकडे मान हलवली की होकार का नकार, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. मग सावकाश म्हणाले, "हे पाहा. दोन बॅटऱ्या म्हणजे एक जोडी. इंजिन चालतां दोघांस सारखंच जेवण वाढतें. तुम्ही मात्र काम एकाकडूनच करवून घेतलांत. तो उपाशी मेला. दुसऱ्यास काम नाहीं, वर जेवण चालूंच. त्यास अजीर्ण झालं. पाणी उकळून गेलं. तोच हा वास."

सेल्वमला मराठी येत नव्हतं, तरी तो माझ्याकडे बघून हळूच हसला.

"पण दिवा तर लागत होता," मी म्हणालो.

"दिवा लागेल की. दिव्यास काय लागतें? कॉम्प्रेसर चालणार नाहीं. बॅटरी पडली की तो आपण होऊन बंद होतो. गाडी धांवतां पुन्हां थोडा चालेल, उभी राहिली की बंद. किती दिवस असं झालं असेल?"

मी हिशोब करत होतो. सुनीताने तो आधीच केला होता. ती सावलीतून उठून आली आणि म्हणाली, "सेलमपासून. सेलमपासून माझी साखर वाढतेय. म्हणजे औषध रोज दुपारी गरम होत होतं."

हे ती माझ्याकडे न बघता, रावांना सांगत होती. रावांनी विचारलं, कसलं औषध? तिने बाटली काढून दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, गाडीच्या पत्र्याला एकदा हात लावून पाहिला आणि सेल्वमला म्हणाले की बॅटऱ्या काढून दुकानात ने. मग आम्हाला म्हणाले, "गाडी राहूं दे. आधीं डॉक्टर."

दवाखाना त्यांच्या घराच्या गल्लीतच होता. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि इंग्रजीत सांगितलं की दिसायला ठीक आहेत, पण इतक्या उष्णतेनंतर त्यांचा भरवसा नाही, सगळ्या टाकून द्या. सुनीताची तपासणी केली, दुसरं काही बिघडलेलं नाही म्हणाल्या, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि नवं औषध लिहून दिलं. खाण्याबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा सुनीता म्हणाली, "नेहमीचंच." मी खाली बघत होतो.

रावांचं घर

नव्या बाटल्या रावांच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ओघानेच आम्ही जेवायला थांबलो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नऊवारी नव्हे, तिकडच्यासारखी साडी नेसल्या होत्या. देवघरात मात्र विठोबा होता. बाहेर ओट्यावर भाजीवालीशी तमिळ, उंबऱ्याच्या आत आलं की मराठी, असं त्यांचं चालायचं. वाक्याच्या मध्येच 'सरि, सरि', म्हणजे 'बरं, बरं', येई. सुनीताला त्यांनी विचारलं, "तुमच्यांत डांगर करतात?"

"उडदाच्या पिठाचं? करतात की. दह्यात कालवून."

"हां! आम्ही डांगर पच्चडी म्हणतों." त्यांना फार आनंद झाला. जणू एखाद्या ओळखीच्या माणसाची खुशाली कळली. पानात डांगर, त्यांची 'अंबट भाजी' म्हणजे चिंचेतली पालेभाजी, भात आणि सांबार आलं. आपल्याकडे डांगरात कच्चा कांदा घालतात, त्यांच्याकडे कढीपत्त्याची फोडणी. चव ओळखीची, वळण वेगळं. त्यांच्या बोलण्यासारखंच. त्या दोघींचं बोलणं सुरू झालं ते तीन तास चाललं. मध्येच एखादा शब्द अडे, मग दोघी वस्तू दाखवून तो पार करत.

दुपारी सेल्वम एक लहान डबी घेऊन आला. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर. दोन्ही बॅटऱ्यांवर मिळून सारखा भार पडतो, मधली तार लागत नाही. ट्रकवाले गाणी ऐकायला हाच लावतात, रावांनी सांगितलं. आम्ही गाडीकडे गेलो. सेल्वमने दुकानातल्या दोन बॅटऱ्या तात्पुरत्या लावल्या, माझी तार उपटून काढली आणि डबी जोडली. पंखा फिरला. दिवे लागले. फ्रिज एकदा गुरगुरला आणि बंद पडला. पुन्हा गुरगुरला, पुन्हा बंद.

"लहान पडतो," राव म्हणाले. "फ्रिज सुरू होतां जोर लागतो, तितका ह्यास नाहीं. मोठा पाहिजे. तिरुचीहून मागवूं. दोन दिवस लागतील."

दोन दिवस म्हणजे पुढचा बेत गेला. मी डबीची अक्षरं वाचत उभा होतो. सुनीता म्हणाली, "फ्रिजला किती जोर लागतो हे कुठे लिहिलेलं नसतं का?"

"मागे लिहिलेलं असेल. पण मागची बाजू भिंतीला आहे. प्लायवूडच्या खोक्यात मी स्क्रूने पक्का केलाय."

"मग काढा."

सेल्वमने आठ स्क्रू काढले. फ्रिज घरी आला त्याच दिवशी मी तो खोक्यात बसवला होता, मागची बाजू तेव्हापासून कोणी पाहिली नव्हती. धूळ पुसून सुनीताने चष्मा लावला आणि वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"डीसी बारा, तिरपी रेघ, चोवीस."

रावांनी चष्मा मागून घेतला आणि स्वतः वाचलं. फ्रिज दोन्ही व्होल्टेजवर चालणारा होता. किती व्होल्ट येत आहेत ते त्याचं तोच ओळखत होता. त्याला मधल्या तारेची गरज कधीच नव्हती, कन्व्हर्टरचीही नव्हती. बारा व्होल्टचे होते ते फक्त पंखा आणि दिवे, आणि त्यांना सेल्वमची लहान डबी पुरून उरत होती.

"तुम्ही किती वर्षं शिकवलांत?" राव म्हणाले.

"एकतीस."

"हें शिकवलांत?"

"नाही. घराचं वायरिंग. बॅटरीचं काम कधी केलं नव्हतं. कोणाला तरी विचारायला हवं होतं."

"सरि," राव म्हणाले, आणि सेल्वमला फ्यूज आणायला सांगितलं. त्यांनी फ्रिजची तार थेट चोवीसवर, फ्यूज घालून, स्वतःच्या हाताने जोडली. मला फक्त बॅटरी धरायला दिली. फ्रिज गुरगुरला आणि गुरगुरत राहिला. अर्ध्या तासाने सुनीताने आत हात घातला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

माझ्या दोन बॅटऱ्या सेल्वमने वेगवेगळ्या चार्जिंगला लावल्या, सुकलेलीत डिस्टिल्ड वॉटर भरलं. रावांनी बजावलं की ह्या घरापर्यंत पोचवतील, पण बदलाल तेव्हा दोन्ही एकदम बदला, एक नवी एक जुनी कधी जोडूं नका. आम्ही आणखी दोन दिवस राहिलो. गरज होती म्हणून नव्हे. लक्ष्मीबाई सोडेनात. त्यांच्या माहेरचं नाव, त्यांच्या आजीच्या ओव्या, लग्नातल्या चाली, हे सगळं सुनीताने वहीत उतरवून घेतलं. त्यातले काही शब्द आमच्या घरीही कोणी बोलत नाही, पण मला ते माझ्या पणजीच्या तोंडून ऐकल्याचं अंधुक आठवतं. मी रावांबरोबर सकाळी वेताची टोपली घेऊन विड्याची पानं घ्यायला जात असे. ते पान निवडताना त्याची शीर बघतात आणि घाई करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सुनीताची साखर दोनशे दहा आली, तिसऱ्या दिवशी एकशे अठ्ठावन्न.

तिरुप्पनंदाळच्या वाटेवर

चौथ्या दिवशी पहाटे निघालो. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. सेल्वम दुकानाच्या दारात उभा राहून ऐकत होता, आवाज बरोबर आल्यावर त्याने हात वर केला. राव आणि लक्ष्मीबाई रस्त्यापर्यंत आले होते. लक्ष्मीबाईंनी सुनीताच्या हातात डांगराच्या पिठाची पुडी दिली आणि तिकडच्या रिवाजाने तिच्या केसांत मोगरा माळला.

आम्ही उत्तरेला, तिरुप्पनंदाळच्या रस्त्याने निघालो. दोन्ही बाजूंना बांबूची बेटं होती, उजवीकडच्या बेटांमागून सूर्य वर येत होता. घरांसमोर बायका सडा टाकून तांदळाच्या पिठाने रांगोळी काढत होत्या. आपल्याकडे सणाला काढतात ती तिथे रोज निघते आणि नऊ वाजेपर्यंत चाकांखाली पुसून जाते. मी तीन दिवस एक वाक्य मनात घेऊन फिरत होतो. रावांसमोर मी चूक कबूल केली होती, पण ती वायरिंगची. दुसरी चूक ज्या माणसाजवळ कबूल करायची होती ते माझ्या शेजारी बसलं होतं, आणि गाडी बिघडल्यापासून आम्ही दोघंच असे प्रथमच होतो.

"सुनीता," मी म्हणालो, "मी तुला नको ते बोललो. तू गोड खाल्लं नव्हतंस. चूक माझी होती आणि खापर मी तुझ्यावर फोडलं. खाणावळीतसुद्धा, सगळ्यांसमोर."

एक बैलगाडी आडवी आली, मी वेग कमी केला, ती जाऊ दिली.

"ते खाणावळीतलं मला लागलं होतं," ती म्हणाली. "बरं झालं बोललात."

पुढे एक छोटं गाव गेलं, मग शाळा, मग पुन्हा शेतं.

"पण श्रीरंगमला खाल्लं होतं हो," ती म्हणाली. "एक द्रोण. तूप नुसतं गळत होतं त्यातून. फार छान होतं."